आमची वाटचाल : कोऱ्या घोड्याला माणसाळवताना

कोरे, म्हणजे पाठीवर कधी स्वार न घेतलेले, घोडे माणसाळवून खोगिराला तयार करून देणे, हा आमचा व्यवसाय आहे. मालाडहून मढकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भाड्याच्या जागेत, सहा ठाणी (घोडे बांधण्याच्या जागा) आणि रेतीचे एक गोल रिंगण एवढ्यावर आम्ही २००९ साली सुरुवात केली. भांडवल माझे होते. विद्या भागीदार असलेल्या चाचांची होती. चाचा व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईच्या घोडागाड्या, हाकणाऱ्या घराण्यातले चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, परंतु जनावरावर त्यांनी चाबूक उगारलेला मी एकदाही पाहिला नाही.

रिंगणाचा व्यास साठ फूट हवा, हा चाचांचा आग्रह होता. जागा फार लहान असली की घोड्याला दूर सरकायला वाव राहत नाही आणि कोंडला गेलेला घोडा लाथेवर येतो. फार मोठी असली की तो आपल्याकडे लक्षच देत नाही. काव्यावर धरण्यासाठी, म्हणजे घोड्याला दोराच्या टोकाला गोल फिरवण्यासाठी, ते तीस फुटांचा जाड सुती दोर वापरत, कारण नायलॉनचा दोर हातातून सरकला की तळव्याची साल काढतो. तो दोर हाताला गुंडाळून घेणारा एक नवा पोऱ्या त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवला होता. घोडा बांधायचा तो म्होरकीने, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्यावर चढवलेल्या दोरीने, पाठीच्या उंचवट्याच्या उंचीवर आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने. लगामाने कधीच नाही. काटेरी लगाम घेऊन येणाऱ्या मालकाला तो आधी फाटकाबाहेर ठेवून यावे लागे.

घोड्याला जवळजवळ ३५० अंशांपर्यंतचे दिसते, तरी कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून आम्ही तिरके, खांद्याच्या रोखाने, बोलत जवळ जातो आणि त्याने कान टवकारले किंवा अंग आखडले की तिथेच थांबतो. ताण देऊन घोडा शिकत नाही, योग्य क्षणी ताण सोडल्याने शिकतो. त्याने एक पाऊल आपल्याकडे टाकले की दोर लगेच ढिला झाला पाहिजे. दोन पावलांनी उशीर झाला तर तो भलताच धडा घेतो. हे सारे आठवड्यांचे काम आहे आणि नेमके तेच आमच्या मुळावर आले.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. त्या घोड्यांची ठाणी मी आतून पाहिली होती. मात्र आमचे निम्मे गिऱ्हाईक गेले आणि त्याच सुमारास उपनगरात एकाने पाच दिवसांत घोडा तयार करून देण्याचे काम सुरू केले. घोड्याचे पुढचे पाय बांधायचे, त्याला आडवा पाडायचा, डोळ्यांवर गोणपाट टाकायचे आणि तो निपचित झाला की वर माणूस बसवायचा, ही त्याची रीत होती. जो घोडा हरून गप्प होतो तो शिकलेला नसतो, हे मी मालकांना तोंड दुखेपर्यंत सांगितले, तरी ठाणी रिकामी होत गेली. सहापैकी एक उरले, भाडे सात महिने थकले आणि मी खोगिरे विकली. चाचांनी मात्र आपली वाटणी मागितली नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली एक मारवाडी घोडी तिच्या मालकाने बाराव्या दिवशी आमच्याकडून त्या पाच दिवसांवाल्याकडे नेली. दोन महिन्यांनी वरातीत फटाका वाजताच ती उधळली आणि स्वाराच्या गळ्याखालचे हाड मोडले. मग ती आमच्याकडे परत आली. चाचा पहिले नऊ दिवस तिच्या ठाणाबाहेर बसून केवळ गवत निवडत राहिले. दहाव्या दिवशी तिने मान खाली घातली आणि तिचे आत वळलेले कान सैल झाले. पुढे फटाक्यांचा आवाज आम्ही आधी लांबून, मग दररोज थोडा जवळून ऐकवला आणि पाचव्या महिन्यात ती खोगिराखाली शांत चालू लागली. घोडी हवापालटाने सुधारली, असे तिच्या मालकाने चौघांत सांगितले. ते वाक्य मला अजून बोचते.

त्या काळात दादरचे एक काका, वरातीसाठी घोडे भाड्याने देणारे, एकटेच आमच्याकडे टिकले. उरलेल्या एका ठाणात त्यांचाच घोडा होता आणि चंदीचे, म्हणजे घोड्याच्या दाण्याचे, पैसे ते आगाऊ देत. नंतरची वर्षे सुरळीत गेली, त्या वर्षांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ज्यांना हे काम स्वतः करायचे असेल त्यांनी घोडा तीन वर्षांचा होण्याआधी त्यावर स्वार चढवू नये, एकट्याने रिंगणात उतरू नये, टाचेचे बूट व शिरस्त्राण घालावे आणि स्वतःला व घोड्याला धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्यावी.

चाचा आता थकले आहेत, रिंगणाबाहेर खुर्ची टाकून बसतात. दादरच्या काकांचे नवे शिंगरू गेल्या आठवड्यात आले. काल त्याने प्रथमच मला खांदा खाजवू दिला. चाचांनी लांबूनच हात वर करून मला मागे हटायला सांगितले आणि मी हटलो. म्होरकी अजून खुंटीवरच आहे.