प्रयोजक क्रियापद

रविवार, रात्रीचा पाऊण

आजचा खेळ मध्येच थांबवावा लागला. दोन वर्षांत ही वेळ माझ्यावर दुसऱ्यांदा आली, आणि कारण असे की कुणा तिऱ्हाइताला सांगितले तर तो हसेल: एका क्रियापदावरून भांडण झाले.

आम्ही सहा जण दर रविवारी रात्री नऊला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतो आणि लिहून खेळतो. प्रत्येकाचे एक पात्र असते. त्याने काय केले, काय म्हटले, हे खेळणाऱ्याने चार-पाच ओळींत लिहायचे आणि मग दुसऱ्याची वाट पाहायची. उरलेले सगळे, म्हणजे समुद्र, वारा, सरकारी शिपाई आणि गावातल्या अफवा, माझ्याकडे असते. सध्याचे कथानक 1897 च्या आरंभीचे आहे. आदल्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि माणसे मिळेल त्या वाटेने गावाकडे पळू लागली. आमची मंडळी आगबोटीने कोकणातल्या एका काल्पनिक बंदराबाहेर येऊन थांबली आहेत. बंदराला धक्का नसल्याने आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागतो. किनाऱ्यावर डॉक्टर ताप आणि काखेतल्या गाठी तपासायला बसला आहे, आणि आमच्यापैकी एकाच्या पात्राला बारीक ताप आहे.

पडावाचा तांडेल, म्हणजे त्या होडीवरचा मुख्य खलाशी, रत्नागिरीचे काका खेळतात. ते बँकेतून निवृत्त झालेले, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे, आणि लहानपणी त्यांनी आगबोटीतून पडावात उतरणारी माणसे स्वतः पाहिलेली, त्यामुळे त्यांच्या लिहिण्याला खाऱ्या पाण्याचा वास येतो. आज त्यांनी लिहिले: ‘तांडेलाने सरस्वतीकाकूंना दंडाला धरून पडावात बसवले, तशा त्या पदर तोंडाला लावून मुकाट्याने रडू लागल्या.’ वाक्य उत्तम होते. अडचण इतकीच की सरस्वतीकाकू त्यांच्या नव्हत्या. ते पात्र न्यू जर्सीहून खेळणाऱ्या एका मैत्रिणीचे आहे. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि ती पोळ्या लाटता लाटता खेळत होती. तिचे उत्तर एका ओळीचे आले: “काका, माझी बाई रडत नाही.”

लिहून खेळण्याच्या जगात या अपराधाला ‘पॉवरप्ले’ म्हणतात. आमच्यात त्यासाठी ‘दांडगाई’ असा शब्द रूढ झाला आहे आणि मला तो अधिक नेमका वाटतो. नियम आम्ही पहिल्याच दिवशी ठरवला होता की दुसऱ्याच्या पात्राचे क्रियापद आपण लिहायचे नाही. मराठीत हा नियम शाळेच्या व्याकरणाच्या भाषेत सांगता येतो, याचा मला थोडा अभिमानही आहे: प्रयोजक क्रियापदे टाळा. बसवले, रडवले, हसवले, उठवले, यांत कर्ता एक असतो आणि कृती दुसऱ्याची. त्यांच्या जागी ‘ऊ पाहणे’ वापरा. ‘तांडेल त्यांना बसवू पाहतो’ असे लिहिले की बसायचे की नाही हे काकूंच्या हाती राहते. दोघांचे जमलेच नाही तर फासे आहेत. डिस्कॉर्डवरचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, दोन फासे टाकतो. बेरीज 10 किंवा अधिक आली तर जे करू पाहिले ते घडते, 7 ते 9 आली तर घडते पण काहीतरी गमावून, आणि त्याखाली आली तर सूत्रे माझ्याकडे येतात. छत्तीसांपैकी पंधरा वेळा मधला निकाल लागतो आणि खरी मजा त्यातच असते.

हे सगळे काकांना ठाऊक आहे. तरीही त्यांच्या वयाच्या माणसाला, चार जणांदेखत, ‘वाक्य मागे घ्या’ असे कसे सांगायचे हे मला सुचेना. मी दहा मिनिटे ‘अहो काका’ एवढेच टाइप करून पुसत बसलो. शेवटी ‘आज इथेच थांबू या’ असे लिहून पळ काढला. हे बरे झाले नाही.

सोमवार, रात्री

दिवसभर कचेरीत मनात तेच होते. हा प्रश्न आमचा नाही, या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पहिला ‘मड’, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी संगणकावर लिहून खेळायचा खेळ, लिहिला, तेव्हापासून अनोळखी माणसे एकाच शब्दांच्या खोलीत येऊन उभी राहू लागली. माझी ओळख फार उशिरा, 2001 मध्ये, पुण्यातल्या एका सायबर कॅफेत झाली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे वर सरकत होती, शेजारचा मुलगा क्रिकेटचा स्कोअर पाहत होता, आणि मी एका दगडी पुलावर कंदील धरून उभा होतो. तासाचे पैसे संपले तेव्हा तो पूल तसाच सोडून यावे लागले, याचे वाईट वाटल्याचे अजून आठवते.

लॅम्डामूची हकिकत मात्र आज पुन्हा वाचली. पॅव्हेल कर्टिस यांनी 1990 मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात उघडलेले ते मडसारखेच शब्दांचे घर होते. 1992 च्या अखेरीस त्यांनी जाहीर केले की व्यवस्थापक यंत्र सांभाळतील, माणसांच्या भांडणांत पडणार नाहीत. पुढच्या वर्षी एका खेळाडूने ‘वूडू बाहुली’ नावाचा एक प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांवर, आणि त्यांच्याच नावाने, घाणेरडी हिंसक कृत्ये पडद्यावर उमटवली. ज्यांच्या नावावर ती उमटली त्यांनी त्यांतले अक्षरही लिहिले नव्हते. सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही, आणि अखेर एका व्यवस्थापकाने एकट्याच्या जबाबदारीवर त्या खेळाडूला काढून टाकले. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदान सुरू झाले. 1996 मध्ये मात्र व्यवस्थापकांना कबूल करावे लागले की यंत्र आणि समाज असे वेगळे काढता येत नाहीत.

काकांच्या वाक्याची त्या प्रकाराशी तुलना करणे अन्यायाचे होईल. ती मी करत नाही. पण सांधा तोच आहे, की दुसऱ्याचे क्रियापद माझ्या हाताने लिहिले गेले. आणि मी काल जे केले, म्हणजे ‘थांबू या’ म्हणून निघून जाणे, ते 1992 च्या त्या घोषणेहून फारसे वेगळे नव्हते.

सोमवारीच, झोपण्यापूर्वी

काकांना फोन केला. ते रागावले नव्हते. वाट पाहत होते. सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “अरे, ते ठीक. पण तू सुरुवातीला काय लिहिलंस बघ. ‘किनाऱ्यावरचा डॉक्टर दिसताच सगळ्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला.’ माझा तांडेल पंचवीस वर्षं त्या पाण्यात आहे. त्याच्या पोटात कसला गोळा? तू लिहितोस ते वर्णन, आणि मी लिहिलं की दांडगाई?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. फोन ठेवल्यावर मी मागच्या तीन महिन्यांचे माझे लेखन वर सरकवत पाहिले. ‘सगळे दचकले.’ ‘कुणाला बोलवेना.’ ‘त्या रात्री एकाचाही डोळा लागला नाही.’ पाच माणसांची झोप मी एका वाक्यात परस्पर उडवली होती, आणि सगळ्यांनी भिडेपोटी ती उडू दिली होती.

याच काकांनी मागच्या कथानकात, जे पत्रांच्या रूपात होते, तीन आठवडे आपले पात्र पुरुष की बाई हे कळू दिले नव्हते. ‘मी दार उघडले’, ‘मला ताप आला’, ‘मी उद्या येईन’, अशी लिंग न सांगणारीच वाक्ये ते निवडत राहिले, आणि चौथ्या आठवड्यात ‘मी निघालो’ लिहून फसले. लॅम्डामूसारख्या इंग्रजी खेळांत पात्राचे लिंग आज्ञा देऊन निवडता येई, पुरुष की बाई हे न सांगणारी सर्वनामेही मिळत. मराठीत क्रियापद चहाडी करते. ज्या माणसाने क्रियापदांचा असा पहारा केला, त्याला मी प्रयोजकाचा धडा द्यायला निघालो होतो.

बुधवार

गटात लिहिले: रविवारचे माझे ‘सगळ्यांच्या पोटात’ हे वाक्य मी मागे घेत आहे. त्याऐवजी: ‘किनाऱ्यावर टेबल मांडून डॉक्टर बसला आहे. त्याने बाह्या दुमडल्या आहेत.’ कुणाला काय वाटते ते ज्याने त्याने लिहावे. पाच मिनिटांत काकांनीही आपले वाक्य बदलले: ‘तांडेल सरस्वतीकाकूंना हात देऊन पडावात बसवू पाहतो.’

शुक्रवार

न्यू जर्सीहून दोन दिवस काही आले नव्हते; तिच्या मुलीला बरे नव्हते असे नंतर कळले. आज पहाटे उठलो तर उत्तर आलेले होते.

‘सरस्वतीकाकू त्याच्या हाताकडे पाहतात. “हात राहू दे. आधी हे धर,” असे म्हणून त्या आपले गाठोडे तांडेलाच्या हाती देतात आणि मग दोरी पकडून स्वतः खाली उतरतात. गाठोडे वजनाने हलके आहे, आणि ऊबदार.’

ऊबदार का, हे तिने मला सांगितलेले नाही, आणि मी विचारणारही नाही. काका रात्रीपासून टाइप करत आहेत.