गंगापूर रोडवरचं इटालियन जेवण: हात सुगरणीचा, वाढप ढिसाळ

शनिवारी संध्याकाळी वायनऱ्या बघून परतणारी मुंबई-पुण्याची मंडळी नाशिकच्या गंगापूर रोडवर जेवायला थांबतात. तिथल्याच एका महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये साडेआठला टेबल मिळालं. समोरच लाकडावरची भट्टी होती, त्यामुळे पुढे काय बिघडलं ते बसल्या जागेवरून दिसत राहिलं.

पहिला आला बुराटा. वरून मोझरेलाची पिशवी, आत क्रीम आणि चीजच्या चिंध्या. फ्रीजमधून काढून तो अर्धा तास बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर आतलं क्रीम घट्ट राहतं आणि दुधाची गोडी कळत नाही. इथे सुरी लागताच क्रीम टोमॅटोच्या रसात मिसळलं. अप्रतिम! ते टिपून घ्यायला ब्रेड हवा होता. तो आला प्लेट उचलून नेल्यावर.

खरी गडबड त्यानंतर झाली. पिझ्झा, रिसोटो आणि पास्ता ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टननं एकाच वेळी आत सांगितले. किचननं काम चोख केलं, तिन्ही एकदम तयार झाले, पण आणायला माणूस नव्हता. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजतो. काठ फुगतो, त्यावर काळे ठिपके येतात, मधला भाग मात्र पातळ आणि ओलसरच राहतो. पाच-सात मिनिटं थांबला की सॉसचं आणि चीजचं पाणी खाली मुरतं. आमचा मार्गारिटा पिझ्झा भट्टीजवळच्या कट्ट्यावर तेवढा वेळ पडून होता. काठ अजून हलका, आंबलेल्या पिठाचा वास सुरेख. पण मधला तुकडा उचलताना फाटला.

मशरूम रिसोटोला तर थांबणं मुळीच सोसत नाही. आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदळावर गरम स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून गाळलेलं पाणी, एकेक डाव घालत १६ ते १८ मिनिटं शिजवायचं आणि आचेवरून उतरवून लोणी, पार्मेझान घोटायचं. प्लेट कलती केली की भात लाटेसारखा सरकला पाहिजे. ठेवून दिला तर दाणा स्टॉक पीत राहतो, स्टार्च घट्ट होतो आणि गोळा बनतो. इथल्या शेफनं तो थोडा सैल सोडला होता, म्हणून उशिरा येऊनही चमच्यावरून ओघळत होता. दाणा मधोमध किंचित टणक, मशरूमचा वास खोल. अख्ख्या जेवणात मला सर्वांत आवडला तो हाच.

शाकाहारी मंडळींनी चीजबद्दल जरूर विचारावं. अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं, पेकोरिनो रोमानोत कोकराच्या. विचारल्यावर वेटर आत न जाताच म्हणाला, "व्हेजच आहे सर." या प्रश्नाला असं उत्तर चालत नाही. शेफकडून चीजचं पाकीट मागवून बघा.

द्राक्षांच्या गावात शेनिन ब्लां ही पांढरी वाइन कोमट यावी, हे फार खटकलं. ही वाइन ८ ते १० अंशांवर हवी. बकेट आली तीही नुसत्या बर्फाची. बर्फात पाणी घातलं तरच गारवा बाटलीला सगळीकडून लागतो. मग १५-२० मिनिटं पुरतात. पाणी आम्हीच ओतलं.

बिलात १० टक्के सेवा शुल्क आधीच लावलेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती तत्त्वं कायम ठेवली. शांतपणे सांगितल्यावर काढून दिलं. कुठे नाहीच म्हणाले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जाणार असाल तर शनिवार टाळा आणि भट्टीजवळचं टेबल मागा. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका: आधी पिझ्झा, तो अर्धा संपला की रिसोटो सांगा. पांढरी वाइन मात्र बसल्या बसल्याच गार करायला लावा.