ध्रुवीय अस्वल दिसलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, दिसलं. एकदाच, दुर्बिणीतून, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, पलीकडच्या काठावर. पांढरंशुभ्रही नव्हतं; ताज्या बर्फाशेजारी ते पिवळटच दिसतं. थोडा वेळ चाललं आणि खडकांमागे गेलं. स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवाजवळच्या बेटांवर, मी शिकायला गेले, मग कामासाठी तिथेच राहिले, वस्तीबाहेर पडताना दरवेळी बंदूक बरोबर घ्यायचे, तरी अस्वलाची आणि माझी गाठ एवढीच.

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "मग ती खरंच उपाशी मरतायत का हो?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, शाळेतल्या व्याख्यानानंतर विचारतात, रत्नागिरीच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलंय. मी म्हणते, स्वालबार्डची अस्वलं अजून तरी अंगाने चांगली आहेत. हे ऐकलं की काही जणांचा चेहरा पडतो, त्यांना रडायचं होतं. आणि काही जण खुलतात: "बघा, मी म्हणत नव्हतो? सगळं थोतांड!" दोन्हींना पुरून उरेल एवढं उत्तर पंगतीत देता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

अस्वलांचं आधी उरकते. जगात ती साधारण २६,००० असावीत असा अंदाज आहे. १९७३ मध्ये पाच देशांनी करार करून त्यांच्या बेसुमार शिकारीला लगाम घातला, त्यामुळे काही भागांत ती सावरली. "संख्या वाढली" म्हणणाऱ्यांच्या हातात असतो तो हा धागा, आणि तो खोटा नाही. पण कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर २०१६ मध्ये ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८ उरली. तिथे समुद्र लवकर मोकळा होतो, अस्वलांना सील मारायला उभं राहायला बर्फच नसतो, आणि किनाऱ्यावरचा उपास लांबत जातो. स्वालबार्डची अस्वलं पक्ष्यांच्या वसाहतीत शिरून अंडी फस्त करतात, अलीकडे रेनडिअर, म्हणजे तिथली हरणंही, मारताना दिसली आहेत. म्हणून ती तग धरून आहेत. एका ठिकाणी बरी, दुसऱ्या ठिकाणी हलाखीत. हे एका वाक्यात कसं बसवू?

२०१७ च्या डिसेंबरमध्ये हडकुळ्या अस्वलाचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. "हवामानबदल असा दिसतो" असं त्यावर लिहिलं होतं. पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकनेच कबूल केलं की ते विधान फार पुढे गेलं. ते एक अस्वल नेमकं कशाने तसं झालं होतं, कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. तेव्हापासून कुणी तो व्हिडिओ मला पाठवला की माझं डोकं फिरतं. आणि तो खोटा होता म्हणून बाकी सगळंही खोटं असं कुणी म्हणालं की त्याहून जास्त फिरतं.

मला खरं सांगायचंय ते वेगळ्याच जनावराबद्दल आणि पावसाबद्दल.

२०१८ चा डिसेंबर. लाँगइयरबेन या स्वालबार्डच्या मुख्य गावात तेव्हा चोवीस तास रात्र असते, दुपारी बारालाही आभाळ काळंच. मी झोपले होते आणि छपरावर पाऊस वाजायला लागला. मी लांज्याजवळच्या गावात वाढलेली. तो आवाज ओळखायला मला जागं व्हावं लागत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मला बरं वाटलं, हेही लिहूनच टाकते. मग कुठे आहोत ते आठवलं आणि उठून बसले. ७८ अंश उत्तरेला, डिसेंबरात, पाऊस.

तिथली जमीन खाली शेकडो मीटर गोठलेली असते. पाणी मुरणार कुठे? पाऊस बर्फातून झिरपत तळाशी जातो आणि जमिनीला चिकटून गोठतो. दोन दिवसांनी पारा पुन्हा उतरला, आणि सगळ्या खोऱ्याला गवतासकट टणक बर्फाचा थर बसला. आम्ही बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधून चालत होतो. रेनडिअरांना पट्ट्या नसतात.

स्वालबार्डचे रेनडिअर बुटके, आखूड पायांचे, गोल अंगाचे. तिथे लांडगे नाहीत, त्यामुळे ते कळपाने पळत नाहीत. दोन-चार मिळून आपले चरत असतात. उन्हाळ्यात पाठीवर चरबी चढवायची आणि हिवाळ्यात भुसभुशीत बर्फ खुराने उकरून खालचं शेवाळ, सुकं गवत, जमिनीलगतचं बुटकं विलोचं झुडूप असं जे मिळेल ते खायचं, हा त्यांचा हिशोब. हजारो वर्षं जमलेला.

त्या आठवड्यात एक मादी आमच्या इमारतीच्या मागे आली. दिव्याचा उजेड तिथपर्यंत जेमतेम पोचत होता. ती पुढचा उजवा पाय उचलायची, खूर खाली ओढायची, आणि खूर घसरायचा. खरवडल्याचा आवाज यायचा फक्त. तीन-चार वेळा असं केलं की नाक खाली नेऊन हुंगायची. मी नंतर ती जागा टॉर्च लावून पाहिली. बोटाच्या दोन पेरांएवढा जाड बर्फ, आणि त्याखाली गवताची पाती अख्खी दिसत होती, पिवळी, वाकलेली, मोजता यावीत इतकी स्पष्ट. बर्फावर खुराच्या पांढऱ्या रेघा. ती पावलं टाकत पुढे गेली, परत उकरलं, परत हुंगलं. मी खिडकीत किती वेळ उभी होते ते आठवत नाही. कॉफी गार झाली होती.

इथे प्रत्येक जण विचारतो, "मग तुम्ही काय केलंत?"

काही नाही केलं. आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. तिथे वन्य प्राण्यांच्या वाटेला जायचं नाही हा कडक दंडक आहे, आणि तो योग्य आहे. रवंथ करणाऱ्या उपाशी जनावराच्या पोटात एकदम भलतं काही गेलं तर ते त्यानेही मरतं. ज्याच्या गोठ्यात गुरं आहेत त्याला हे सांगायला नको. आणि मी एका मादीपुढचा बर्फ पहारीने फोडला असता, तर खोऱ्यातल्या बाकीच्यांचं काय? हे सगळं बरोबर आहे. पहार जिन्याखालीच होती, हेही खरं आहे.

बर्फ उतरायला लागल्यावर मेलेल्या रेनडिअरांची मोजणी होते. मी मदतीला गेले होते. ओढ्याच्या काठाला एक पडलेलं सापडलं, पाय पोटाशी घेतलेलं. आमच्याबरोबरच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी आधी खालचा जबडा काढला, कारण दातांवरून वय कळतं. मग मागच्या पायाचं हाड दगडावर ठेवून फोडलं. आपल्याकडे मटणाच्या रश्श्यातली नळी फोडतात तसंच, आणि म्हणूनच मला ते बघवलं नाही. धडधाकट जनावराच्या हाडातली मज्जा पांढरट आणि घट्ट असते. शरीर उपासात आधी पाठीची चरबी खातं, मग आतड्यांभोवतीची, आणि अगदी शेवटी मज्जेतली. या हाडात लालसर, पातळ, जेलीसारखं काहीतरी होतं. बाईंनी वहीत दोन शब्द लिहिले, जबड्याला चिठ्ठी बांधली आणि पुढे निघाल्या. त्यांना असे अजून बरेच बघायचे होते. मी थांबले. खिडकीतून पाहिलेली मादी हीच का? सांगता येणार नाही, आणि मला ते तसं जुळवायचंही नाही.

त्या उन्हाळ्यात, २०१९ मध्ये, नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या पथकांना दोनशेहून जास्त मेलेले रेनडिअर सापडले. डिसेंबरचा पाऊस हे कारण त्यांनीच सांगितलं. हिवाळ्यातला पाऊस तिथे पूर्वी कधीच नव्हता असं नाही. पण २०१२ च्या ३० जानेवारीला स्वालबार्डवरच्याच नी-ओलेसुंडला, जिथे आपल्या भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जुलैत एवढ्या पावसाला कुणी छत्री शोधत नाही. तिथे वर्षभराचा सगळा हिम आणि पाऊस धरून चारशेच्या आसपास होतो. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे निम्मे दिवस पारा शून्याच्या वर गेला, महिन्याची सरासरी उणे ३.३. पूर्वी याच दिवसांत ती उणे १५ च्या घरात असायची.

आता तो दुसरा प्रश्न, जो बहुधा एखादे काका विचारतात: "अगं, हे निसर्गाचं चक्र आहे. पूर्वीही तापलंच होतं ना?"

तापलं होतं, काका. लाँगइयरबेनच्या डोंगरात जो कोळसा आहे, तो साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे उभ्या असलेल्या जंगलांचाच आहे. पण त्या उबेतून आजच्या थंडीपर्यंत यायला पृथ्वीला कोट्यवधी वर्षं लागली, प्राण्यांना बदलायला तेवढा अवधी मिळाला. स्वालबार्डचं सरासरी तापमान गेल्या पन्नासेक वर्षांत तीन ते पाच अंशांनी चढलंय. एवढ्या वेळात रेनडिअरच्या जेमतेम काही पिढ्या होतात. सूर्य जास्त तापला म्हणावं, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो उलट थंड होतोय. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत, आणि हा वाढीव भाग मुख्यतः कोळशा-तेलातून आलाय हे त्यातल्या कार्बनच्या ठेवणीवरून ओळखता येतं. ध्रुवाकडे त्याचा फटका कितीतरी पटींनी बसतो, कारण पांढरा समुद्री बर्फ ऊन परतवत होता, तो गेला की खालचं काळं पाणी ते शोषून घेतं. हिवाळ्यात ऊन नसतं, पण उघडा समुद्र साठवलेली ऊब हवेला देत राहतो. हिमाच्या जागी पाऊस येतो तो अशा हवेतून.

आणि ज्या गावात मी तो पाऊस ऐकला, ते गाव कोळशासाठीच वसलं होतं. १९०६ मध्ये एका अमेरिकन माणसाने तिथे खाण काढली, गावाला त्याचंच नाव. माझ्या खोलीतला हीटर त्या रात्री कोळशावरच चालू होता. वीजघराने कोळसा सोडला तो २०२३ मध्ये, आणि शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली २०२५ च्या जूनअखेरीला. "त्यांनी शंभर वर्षं जाळून घेतलं आणि आता आम्हाला शिकवता?" हा प्रश्न मला चंद्रपूरच्या एका मुलीने विचारला. तिचे वडील औष्णिक केंद्रात कामाला. मी तिला काय सांगणार? अमेरिकेतला माणूस आपल्या सातेक पट कार्बन सोडतो, हे मीच तिला आकड्यानिशी सांगितलं. आपली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर आहे, तेही सांगितलं. तिचा राग रास्त आहे. हवेला कुणाचा कार्बन कुणाचा ते कळत नाही, हेही तितकंच खरं आहे. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही.

परत आल्यावर पहिली काही वर्षं माझं मत होतं की लोकांना अस्वलच दाखवावं. निदान बघतात तरी. रेनडिअरची फुटलेली नळी कोण बघणार? आज मी ते चित्र लावत नाही, पण माझ्यातली ती जुनी बाई अजून भांडते: तुझ्या खरेपणाने किती जण जागे झाले? तिला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच सांगते की निफाडकडच्या एका व्याख्यानात मी पावसाचं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका द्राक्षबागायतदाराने अस्वलाचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "मग ताई, त्या जनावरांनी चारा आणायचा कुठून?" मी सांगितलं की काही उभ्या कड्यांवर चढतात आणि पडून मरतात, काही समुद्रकाठी जाऊन वाहून आलेलं शेवाळ खातात. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता जे सांगितल्यावर आयोजक अस्वस्थ होतात ते. स्वालबार्डमधले रेनडिअर संपत आलेले नाहीत. १९२५ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा ते जवळजवळ संपले होते. आज बावीसेक हजार आहेत. उन्हाळा लांबलाय, चारा वाढलाय, काही खोऱ्यांत त्यांची संख्या वाढतेय. पावसाळी हिवाळ्यात आधी म्हातारी आणि पिल्लं जातात, त्यातली काही एरवीही गेली असती. जीवशास्त्रज्ञ हे सगळं जमेला धरतात आणि मीही धरते. तरी त्या हाडात जे पाहिलं ते यातल्या कुठल्याच वाक्याने पुसलं जात नाही. एका बाजूला वाढता चारा, दुसऱ्या बाजूला तो बर्फाखाली कुलूपबंद करणारा पाऊस. पुढच्या तीस वर्षांत कोण कुणावर मात करेल हे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो माझ्या बाजूचा असला तरी.

गेल्या महिन्यात एका शाळेतून फोन आला. "मॅडम, पर्यावरण दिनाला या, दहा मिनिटांत मुलांना कळेल असं सांगा, आणि अस्वलाचे फोटो आणा." मी म्हटलं, पाऊण तास लागेल, फोटोत रेनडिअर असेल, आणि मुलांना चक्रावतील अशा परस्परविरोधी गोष्टी सांगेन. ते विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. तुमच्या शाळेत पाऊण तास असेल तर मी यायला तयार आहे, मानधन नको. दहाच मिनिटं असतील तर बोलावू नका.