पोतं हवाबंद होतं, पण मका वाळलाच नव्हता

टांझानियात डोडोमाकडे जानेवारी महिना म्हणजे घरातलं धान्य संपत आलेलं, नवा मका अजून शेतात गुडघाभर, आणि त्यातच पोरांच्या शाळा सुरू होतात म्हणजे वह्या-युनिफॉर्मचा खर्च. आमच्या प्रोजेक्टमध्ये साठवलेल्या मक्याची पोती गावासमोर उघडायचा कार्यक्रम आम्ही मुद्दाम याच महिन्यात ठेवतो, कारण कापणी झाल्या झाल्या घर भरलेलं असताना किडीबद्दल कोणी ऐकून घेत नाही.

गाव कोंग्वा जिल्ह्यातलं, किबाइग्वाच्या मोठ्या मका बाजारापासून फार लांब नाही. ब्वाना शांबा (म्हणजे आपल्याकडचा कृषी सहायक) आणि मी झाडाखाली तीन पोती मांडली. एक साधं, एक कीडनाशक पावडर लावलेलं, आणि एक पिक्सचं. पिक्समध्ये आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या असतात आणि बाहेरून नेहमीचं विणलेलं पोतं, प्रत्येक पिशवीचं तोंड पिळून वेगळं बांधायचं, मग आतले किडे आतलाच ऑक्सिजन संपवतात आणि स्वतःच मरतात, औषध काही नाही. पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे मुळात कॅमेरूनमध्ये चवळीसाठी शोधलं, मग मक्याला वापरायला लागले.

साध्या पोत्यात हात घातला तर कोपरापर्यंत पीठच आलं. हा डुमुझी नावाचा किडा. आपल्या टोक्यासारखा नुसतं भोक पाडून थांबत नाही, दाण्याचा पार भुगा करतो, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, 1980 च्या आसपास इथे ताबोराकडे पहिल्यांदा सापडला आणि मग अर्ध्या आफ्रिकेत पसरला. त्याच्या भीतीनेच लोक जून-जुलैत मिळेल त्या भावाला मका विकतात आणि जानेवारीत तोच मका महाग घेतात. वर्ल्ड बँकेच्या 2011 च्या रिपोर्टात सहाराच्या खालच्या आफ्रिकेत धान्याचं वर्षाला 4 अब्ज डॉलरचं नुकसान धरलंय, पण माझ्या मते असा घाईत विकून झालेला तोटा वजनकाट्यावर दिसतच नाही.

पिक्सचं पोतं उघडलं, दाणे खणखणीत, बायांनी ओंजळी भरून बघितले, टाळ्या झाल्या. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं.

मग एक बीबी उठल्या, इथे आजीला बीबी म्हणतात, नातवाला पाठवून त्यांनी हातगाडीवरून स्वतःचं पोतं आणवलं. तेही पिक्सचंच, दुकानातून विकत घेऊन घरीच भरलेलं. आमच्यापैकी कोणी ते भरताना बघितलेलं नव्हतं. आतली पिशवी सोडली आणि आंबूस वास आला, समोरची माणसं मागे सरकली. एकही किडा नव्हता. पण एका कोपऱ्यात उंदराने भोक पाडलेलं आणि तिथून आत दाण्यांचे गठ्ठे, त्यावर हिरवट-पिवळी बुरशी.

ब्वाना शांबाने खिशातली काचेची बाटली काढली. त्यात कोरडं मीठ आणि मूठभर दाणे टाकून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर मका ओला. चिकटलं. म्हणजे मका भरतानाच ओला होता. साठवायला ओलावा साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आत लागतो, आणि हवाबंद पिशवीतून किडा जसा बाहेर जात नाही तसं पाणीही जात नाही. दुकानदाराने पोतं विकलं, हे सांगितलं नाही. बीबी म्हणाल्या व्यापारी दारात उभा होता, त्याला अर्धा मका दिला, उरलेला लपवावा तसा पटकन भरून टाकला.

पुढचा वाद मी विसरणार नाही. बीबींचं म्हणणं, वरचं काढून टाकते, धुते, भरडून साल काढून सेंबे करते, म्हणजे पांढरं पीठ. एकजण म्हणाला दारू गाळा, दुसरा म्हणाला कोंबड्यांना घाला. ब्वाना शांबा म्हणे सगळं फेकायचं. आता सांगायला सोपंय, पण घरात तीन नातवंडं आणि दुसरं धान्य नाही! अफ्लाटॉक्सिन, म्हणजे या बुरशीचं विष, डोळ्याला दिसत नाही, उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) शिजवून जात नाही, निवडून आणि साल काढून कमी होतं पण किती कमी हे त्या झाडाखाली कोण सांगणार? केनियात 2004 साली माकुएनी-किटुईकडे असाच बुरशीचा मका खाऊन 125 माणसं गेली, आणि 2016 मध्ये तर इथेच, डोडोमा आणि मन्यारात, लोक मेले. ते 2016 चं मी काढलं नाही, मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने काढलं. मग आवाज खाली आले.

तोडगाही आम्ही काढला नाही. गावातला बायांचा विकोबा, म्हणजे बचत गटच, त्यांनी तिथेच बसून ठरवलं की बीबींना दोन डेबे मका उसना द्यायचा, म्हणजे चाळीसेक किलो, कापणीनंतर तेवढाच परत, व्याज नाही. एक बाई कुरकुरली की माझं पोतं मी नीट वाळवून भरलं त्याची ही शिक्षा का, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. तरी तिनेच पहिला डेबा मोजून दिला. बुरशीचा मका खड्ड्यात घालून वर माती लोटली, कोंबड्यांनाही नाही.

निघताना गटाच्या बाया ताडपत्रीचा भाव विचारत होत्या. पोत्यांच्या आधी सगळ्यांत मिळून दोन ताडपत्र्या घ्यायच्या आणि आळीपाळीने वाळवायचं असं त्यांचं चाललेलं, बाटली-मीठ गटाकडेच राहणार आणि मीठ चिकटलं तर पोतं बांधायचं नाही. पाळी कोणाची आधी यावर लगेच भांडण, आणि बीबींनी त्यात पहिला नंबर स्वतःचा लावून घेतला.