सांता त्रिनितामधले सासेत्ती दांपत्य

फ्लोरेन्समध्ये उफ्फिझी या कलादालनाने माझी निराशा केली, कारण बोत्तिचेल्लीच्या चित्रांपुढे उंचावलेल्या मोबाइलांच्या गर्दीत चित्र निवांत पाहणे अशक्यच होते. मन रमले ते सांता त्रिनिता या चर्चमध्ये. तिथल्या सासेत्ती चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनादालनात, अंधार असतो आणि पेटीत नाणे टाकले की थोडा वेळ दिवे लागतात.

दिव्यांच्या उजेडात प्रथम नजरेत भरतात ते वेदीच्या दोन्ही बाजूंना हात जोडून गुडघ्यांवर बसलेले पती-पत्नी: उजवीकडे लाल झग्यातला फ्रांचेस्को सासेत्ती, डावीकडे नेरा कोर्सी. चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोने १४८५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या इथल्या भित्तिचित्रांचा सगळा खर्च सासेत्तीचा. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या पेढीचा तो मुख्य कारभारी होता. आपल्या नावाच्या संताची, म्हणजे संत फ्रान्सिसची, कथा त्याला सांता मारिया नोव्हेल्लामध्ये रंगवून घ्यायची होती. पण ते चर्च डॉमिनिकन या प्रतिस्पर्धी पंथाचे असल्याने तिथे नकार मिळाला आणि तो इथे आला.

वरच्या चित्रासमोर मी पुन्हा पुन्हा नाणी टाकत राहिलो. पोप फ्रान्सिसच्या पंथाला मान्यता देतो, तो प्रसंग त्यात आहे. ही मान्यता मिळाली ती तेराव्या शतकात, रोममध्ये. इथे मात्र मागे फ्लोरेन्सचा भरचौक दिसतो, पेढीचा धनी लोरेन्झो दे मेदिची याच्या शेजारी खुद्द सासेत्ती उभा आहे, आणि कवी पोलित्सियानो लोरेन्झोच्या मुलांना घेऊन जिना चढून येतो आहे. त्यांतला जोव्हान्नी पुढे १५१३ मध्ये पोप दहावा लिओ झाला.

याला धनिकाची आत्मप्रौढी म्हणणे मला पटत नाही. त्याच्या देखरेखीखालची पेढीची ब्रूजची शाखा तोट्यात बुडाली होती, ल्याँची बुडण्याच्या बेतात होती आणि १४८८ मध्ये, साठी केव्हाच उलटलेली असताना, ती सावरायला त्याला स्वतः जावे लागले. अशा माणसाने धन्याच्या खांद्याशी आपली जागा कायमची रंगवून घ्यावी, यात मला भक्तीइतकीच धास्तीही दिसते.

१४९० मध्ये तो वारला आणि १४९४ मध्ये मेदिचींची हकालपट्टी होऊन पेढीही संपली. म्हणूनच, शेजारी थांबलेल्या वाटाड्याने केवळ गिर्लांदायोचे नाव घेऊन आपली मंडळी पुढे नेली, याचा मला मनापासून राग आला. कुंचला गिर्लांदायोचा असला, तरी संत कोणता आणि तो कोणत्या चर्चमध्ये रंगवायचा, हा हट्ट सासेत्तीचा होता.