सेल नसलेला कॅमेरा

रविवार, रात्री

आज ठरलं एकदाचं. रोज पिशवीत टाकायला ऑलिम्पस ट्रिप ३५, जुना रोलचा कॅमेरा.

मन अडकलं होतं ते ऑलिम्पसच्याच म्यू-टू कॅमेऱ्यात. १९९७ चा, शर्टाच्या खिशात मावणारा, फोकस आपोआप करणारा, पावसाचे शिंतोडे सोसणारा. लेन्स तर फारच गोड. पण त्याचं सगळं चालतं ते बॅटरीवर आणि सर्किटवर. बोरा बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "सर्किट गेलं की आम्ही हात टेकले." इतक्या जुन्या वस्तूत पैसे घालायचे, तर ती उघडून नीट करता आली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

ट्रिप १९६७ ला आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. त्याला सेल लागतच नाही. लेन्सभोवती खडबडीत पारदर्शक कडं दिसतं, त्याच्यामागे सेलेनियम असतं. उजेड पडला की त्यातून जरा वीज निघते, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलते आणि कॅमेरा लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते ठरवतो. शटरचे वेग दोनच: १/४० आणि १/२०० सेकंद. फोकससाठी कड्यावर चार चित्रं आहेत, एक माणूस, दोघंजण, घोळका आणि डोंगर. एक मीटर, दीड, तीन आणि त्यापुढचं सगळं. रस्त्यावर माझी बहुतेक माणसं तीन मीटरवरच असतात. कडं घोळक्यावर ठेवलं की डोळा मोकळा.

दुकानातच तपासून घेतला. लेन्स तळहाताने पूर्ण झाकून बटण दाबलं, तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि बटण अडलं. दारात उन्हाकडे धरला, खटका पडला. म्हणजे सेलेनियम जिवंत आहे. रोलच्या आजच्या किमती पाहता, अंधारात फ्रेम वाया जाऊ न देणारी ही लाल पट्टी मला फार मोलाची वाटते. शिवाय 'ए'वर, म्हणजे ऑटोवर, असताना लेन्सला झाकण राहिलं तरी तो फोटो घेत नाही.

मागचं दार उघडलं तर खाचांतला काळा स्पंज डांबरासारखा चिकट झालेला. तो बदलावाच लागतो, नाहीतर उजेड आत शिरतो. काकांनी तिथल्या तिथे खरवडून नवा लावून दिला. लेन्स मी टॉर्च मारून पाहिली, बुरशी नाही. मुंबईच्या हवेत ती न पाहता लेन्स घेऊच नये.

उणीव आहेच. फिल्मची संवेदनशीलता ४०० पर्यंतच लावता येते, त्यामुळे संध्याकाळी घरात ट्रिप फारसा कामाचा नाही. चालेल. मला हवेत ते सकाळचे फोटो: भाजीवाल्या मावश्या, दूधवाले, शाळेच्या रिक्षा.

कोडॅक गोल्ड २०० चा रोल भरला आहे. उद्या सात बावन्नच्या लोकलआधी मंडईतून जायचं.