हातोडीला 'ईन' म्हणायला शिकलो त्याची गोष्ट

जर्मन सर्वनामांचा तक्ता मी एका रात्रीत पाठ केला होता. इश-मिश, डू-डिश, एर-ईन, झी-झी, एस-एस, वीर-उन्स, ईर-ऑइश. म्हणजे मी-मला, तू-तुला, तो-त्याला, ती-तिला, असं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमधून घरी येईपर्यंत गाडीवर पुटपुटत यायचो. 'इश लीबे डिश' तर जर्मन न शिकलेल्यालाही येतं, म्हणजे अर्धं काम झालंच की, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्याकडच्या पेनाबद्दल विचारलं, "वो इस्ट डेर कूली?" म्हणजे पेन कुठंय? मी म्हणालो, "इश हाबे." माझ्याकडं आहे.

"काय हाबे?"

पेनच हो, दुसरं काय! पण जर्मनला ते चालत नाही. 'इश हाबे ईन' म्हणायलाच पाहिजे, नाहीतर वाक्य लंगडं. मराठीत आपण कर्म गिळून टाकतो, आणि गिळलंय हे आपल्या लक्षातही येत नाही. उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं आबा विचारतात, "पाना दिलास काय रं?" आणि उत्तर येतं, "दिला की." कुणाला दिला, काय दिला, सगळं त्या 'की'मध्ये.

म्हणून मी सराव तिथंच सुरू केला. लेथवर काम करणारे मिस्त्री मामा काहीही मागायचे आणि मी जर्मनमधून उत्तर द्यायचो. पाना आपल्यात पुल्लिंगी, जर्मनमध्येही 'डेर श्ल्युसल', म्हणून 'इश हाबे ईन'. पक्कड आणि कानस दोन्हीकडे स्त्रीलिंगी, तिथं 'झी'. चाक दोन्हीकडे नपुंसक, 'एस'. इथवर गंमत. मग हातोडी आली. ती आपल्या तोंडात 'ती', पण जर्मनमध्ये 'डेर हामर', चक्क पुरुष! आणि आपला स्क्रू तिथं 'डी श्राउबं' होऊन बाई झालेला. पंधरा दिवस मी हातोडीला 'झी'च म्हणत होतो.

मामांनी एकदा विचारलं, "त्या हातोडीला ईन-ईन काय करतोस? नाव ठेवलंस व्हय?"

त्यांचं खरंच होतं. निर्जीव वस्तूला आपण 'त्याला' लावत नाही, 'तो आण' म्हणतो. माणसाला मात्र 'त्याला बोलाव'. त्यामुळं पान्यालासुद्धा मी आधी 'इश हाबे एर' असंच म्हणत होतो, 'तो'चं सरळ 'एर'. जर्मनला माणूस आणि हातोडी यात फरक नाही, दोघांनाही 'ईन'. एक दिलासा मात्र आहे: तृतीय पुरुषी सर्वनामांत बदलतं ते फक्त हे एकच, बाकी झी आणि एस जसंच्या तसं राहतं. नामाच्या आधीचा 'डेर' पण 'डेन' होतो. डेन-ईन, डेन-ईन, एवढंच घोकलं.

खरा घोळ 'मला'नं घातला. शाळेत द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हींचे प्रत्यय 'स, ला, ते' असे एकाच सुरात म्हटले होते. तेव्हा सोयीचं वाटलं, इथं नडलं. 'मला विचार' म्हणजे 'फ्राग मिश', पण 'मला मदत कर' म्हणजे 'हिल्फ मीर'. 'मला फोन कर' मिश, 'मला सांग' मीर. तर्क लावत बसलो तेव्हा गोंधळच वाढला. शेवटी वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं दोन रांगा काढल्या. मिशकडं विचारणं, फोन करणं, ओळखणं, समजून घेणं. मीरकडं मदत, सांगणं, देणं. क्रियापद कुठल्या रांगेतलं ते पाठ करायचं, 'ला'कडं बघायचंच नाही. माझ्या मते पुस्तकानं ही गोष्ट पहिल्या पानावर सांगायला हवी, निदान मराठी मुलांसाठी तरी.

खंडेनवमीला आबांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली. एकेकाला हळद-कुंकू लावत होते आणि मी शेजारी झेंडूची फुलं घेऊन उभा. ईन, झी, झी, ईन, एस. आरती सुरू झाली तरी ओठ हलत होते. आईला वाटलं, पोरगं मन लावून मंत्र म्हणतंय.

ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची परीक्षा पुण्याला दिली. 100 पैकी 60 ला पास. बोलण्याच्या भागात चित्राचं कार्ड उचलून समोरच्याला विनंती करायची असते. कार्डावर किल्ली होती. किल्ली आपल्यात स्त्रीलिंगी, पण तिथं पान्यासारखीच 'श्ल्युसल', आणि तो शब्द वर्कशॉपनं इतका घासून घेतला होता की 'डेन श्ल्युसल' आपोआप निघालं. समोरच्या मुलीनं खोटी खोटी किल्ली पुढं केली. "डांके, इश ब्राउखं ईन," म्हणालो, म्हणजे 'थँक्यू, मला ती हवीच आहे'. त्याच्या आधी दोन मिनिटं मीरच्या जागी मिश लावून 'हेल्फन झी मिश' म्हणून गेलो होतो, तो भाग वेगळा.

पास झालो. आता पुढच्या ए-टूला सगळंच 'डाटिव'मध्ये, म्हणजे चतुर्थीत, 'ईन'चं 'ईम' होतंय. भिंतीवर तिसरी रांग काढायला जागा नाही, म्हणून मामांनी लेथमागचा पत्रा पुसून दिलाय.